घोडीच्या पडशीतला फोन

बंद पडलेला मोबाइल आपले ठिकाण दुसऱ्याला कळवू शकतो का? हा प्रश्न मी स्वतःच्या समाधानासाठी सोडवायला घेतला होता. माझे उत्तर ‘नाही’ असे आले. तरीही पुढील हकीकत घडली आहे, म्हणून ती येथे मांडतो.

मी निवृत्त भूगोल शिक्षक, हर्सूलला राहतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वर्गात कोणी भुताची गोष्ट काढली, तर ‘पाहिले कोणी, किती अंतरावरून आणि उजेड किती होता’ एवढेच विचारत असे. गोष्ट बहुधा तेथेच संपे.

आमच्या घरामागील वस्तीत भगवान राहतो. तो माझा जुना विद्यार्थी. घरची मेंढरे आहेत. पिके निघाली की तो आणि त्याचा चुलत भाऊ महादू कळप घेऊन कन्नडच्या बाजूला जातात. खतासाठी शेतकरी मेंढरे आपल्या शेतात बसवून घेतात, त्यामुळे त्यांचे बिऱ्हाड सतत हलत असते. यंदा सासऱ्यांच्या आजारपणामुळे भगवानची बायको रुक्मिणी मागे राहिली होती. नवरा कोठे आहे हे तिला नकाशावर दिसावे, अशी सोय मीच दोघांच्या फोनवर करून दिली होती.

एके दिवशी सकाळी ती दारात आली. सासरे शहरातल्या दवाखान्यात होते, नणंद त्यांच्यापाशी होती.

“गुरुजी, आबांचं काय खरं नाय. डॉक्टर म्हनले, लेकाला बोलवून घ्या. अन् ह्यांचा फोनच लागंना, महादू भावजींकडं तर फोनच नाय.”

“नकाशावर दिसतोय का तो?”

“दिसतंय की. पण ते ह्यांचं नसतंय, घोडीचं असतंय.”

मला काही उलगडेना. तेव्हा तिने समजावून सांगितले. कळपामागे धावताना, झुडपांत शिरताना फोन पडतो, फुटतो... म्हणून भगवान तो अंगावर ठेवतच नसे. बिऱ्हाडाचे सामान वाहणाऱ्या घोडीच्या पडशीत ठेवी.

“मी फोन लावला की आधी घोडी कान टवकारती, मग हे उचलतेत,” ती म्हणाली. “माझा आवाज ह्यांच्यापेक्षा तिलाच जास्त ओळखीचा झालाय. पर बिऱ्हाड तरी सापडतंय.”

ठिपका कन्नडच्या अलीकडे एका शेतात दिसत होता. त्या भागाचा नकाशा मी माझ्या फोनवर उतरवून घेतला आणि आम्ही माझ्या गाडीने निघालो. रुक्मिणी तिचा फोन मांडीवर धरून बसली होती.

मुख्य रस्ता सोडून शेताच्या वाटेला लागलो आणि ती म्हणाली, “गुरुजी, बिऱ्हाड हललं वाटतं.”

ठिपका शेतातून निघून डोंगराच्या दिशेने सरकत होता. सावकाश, घोडीच्या चालीने. आम्ही शेताकडे न वळता त्याच्या मागे निघालो. वाट खडकाळ होत गेली. थोड्या वेळाने माझे लक्ष स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याकडे गेले आणि मी गाडी थांबवली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण स्वतः कोठे आहोत, हे फोनला उपग्रहांवरून कळते. त्यासाठी नेटवर्क लागत नाही. परंतु दुसरा माणूस कोठे आहे, हे उपग्रह सांगत नाही. ते नेटवर्कवरूनच यावे लागते. आणि आमच्या दोन्ही फोनना रेंज अजिबात नव्हती. मी दोन्ही फोन शेजारी धरून पाहिले. भर दुपारचे ऊन होते. ठिपका सरकतच होता.

“हे असं दिसायला नको,” मी म्हणालो.

“दिसायला नको म्हंजे? दिसतंय ना! चला गुरुजी, पुढं जातंय ते.”

मी गाडी पुढे घेतली. वाट संपली तेथून चालत गेलो. एका घळीच्या काठाशी ठिपका थांबला. तेथे घोडी नव्हती, मेंढरे नव्हती, माणसाची चाहूलही नव्हती... रुक्मिणीने खाली वाकून पाहिले आणि दगड धरत उतरू लागली. मीही मागोमाग उतरलो.

भगवान खाली पडला होता. एक पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला, काळानिळा. तो जिवंत होता. चुकलेली मेंढी शोधताना आदल्या संध्याकाळी दरड सुटून तो कोसळला होता. आम्ही पाणी पाजले. मग त्याने विचारले.

“कसं गावलो तुमाला?”

“तुमचा फोन दाखवीत होता,” रुक्मिणी म्हणाली.

“येडी का काय? फोन घोडीवर हाय. कालच बंद पडला त्यो.”

मी हाका मारल्यावर लांबच्या शेतातले दोघे बाज घेऊन आले. त्यांच्या मदतीने त्याला गाडीत निजवले. आबांची तब्येत बिघडल्याचे तोवर रुक्मिणीने त्याला सांगितले होते. वाटेत तो सारखा एकच विचारत होता, “आबा बोलतेत का?”

“बोलतेत. तुमचंच नाव घेतेत.”

कन्नड जवळ येताच रेंज आली आणि अडकलेले निरोप एकामागून एक वाजू लागले. रुक्मिणीने फोन पाहिला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. नणंदेचा निरोप होता – आबा गेले.

“कोन हाय? आबा बोलतेत का?” मागून आवाज आला.

“बोलतेत,” ती म्हणाली. शहरातल्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती हेच उत्तर देत राहिली.

कन्नडला त्याचा पाय बांधत होते, तेव्हा मी तिच्या फोनवर नकाशा उघडला. ठिपका पुन्हा त्या पहिल्या शेतात होता. त्याखाली शेवटच्या नोंदीची वेळ होती – आदल्या दिवशीची.

महादूला मी नंतर भेटलो. बिऱ्हाड त्या शेतातून हललेलेच नव्हते. घोडी तेथेच बांधलेली होती आणि पडशीतला फोन बंद होता. महादू पहाटेपासून भगवानला शोधत होता, पण ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला. आम्ही शेतात गेलो असतो, तर त्याच्याबरोबर तिकडेच शोधत राहिलो असतो.

भगवानचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कळप आता महादू सांभाळतो. रुक्मिणीच्या नणंदेने सांगितलेल्या वेळेवरून पाहिले, तर आबांनी डोळे मिटले त्याच सुमारास आम्ही मुख्य रस्ता सोडला होता. वस्तीत सगळ्यांनी यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला आहे. मी काढलेला नाही. दोन घटना एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मी आयुष्यभर शिकवले आहे. भगवानला मात्र हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. तो एकदाच म्हणाला, “गुरुजी, मला आणाया आबा आले आसतील, पर शेवटाला त्यांच्यापाशी मी कुठं होतो?”

तेच दोन फोन घेऊन मी त्या वाटेने पुन्हा जाऊन आलो. रेंज गेली की ठिपका जागीच थांबतो. सरकत नाही.

वाचकांना विनंती आहे. एक फोन बंद करून घरी ठेवा, दुसरा घेऊन रेंज नसलेल्या जागी जा आणि ठिपका सरकतो का, ते स्वतः पाहा. माझ्या शब्दावर विसंबू नका.