गंगापूर रोडवरचा शार्क

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला उन्हाळ्यात कॉलेज विचारत नाही. भारनियमनाच्या त्या वर्षांत मी प्राणिशास्त्र शिकवायचे आणि एप्रिल संपत आला की घरी बसायचे. त्यामुळे नाशकात गंगापूर रोडवरच्या मैदानात मत्स्यप्रदर्शन भरवणाऱ्या शेठनी निरोप धाडला, की पाणी सांभाळायला कोणी शिकलेलं माणूस हवंय, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. माझा प्रबंध धरणातल्या माशांवरचा. समुद्रातला मासा मी पाहिला होता तो बाजारात, बर्फावर. हे मी त्यांना सांगून टाकलं.

"मासा तो मासा, मॅडम," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

पत्र्याच्या मांडवात रंगीत माशांच्या टाक्या ओळीनं मांडल्या होत्या. शेवटी काळ्या पडद्यामागे लोखंडी चौकटीची एक लांबलचक काचेची टाकी, आणि तिच्या तळाशी माझ्यापेक्षा लांब असा एक मासा. नर्स शार्क. किनाऱ्यावर कुणाच्या तरी जाळ्यात सापडलेला, टँकरमधून घाट चढून आलेला. वळायचं झालं तर त्याला अंग दुमडून घ्यावं लागे. नाकाचा शेंडा काचेवर घासून पांढरा पडला होता.

"ही टाकी याला पुरणार नाही," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

नर्स शार्क दिवसा तळाशी पडून राहतो. पडल्या पडल्या श्वास घेतो. पण दारावर जबडा वासलेल्या भलत्याच शार्कचं चित्र लावलेलं, आणि लोक तेच बघायला आलेले. कुणी अंगठीनं काच ठोकायचं. कुणी म्हणायचं मेलेला आहे, कुणी म्हणायचं प्लास्टिकचा आहे. मी एक पाटी लिहिली: 'हा शार्क जिवंत आहे, दिवसा विश्रांती घेतो.' शेठनी ती काढायला लावली. झोपलेला मासा बघायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी एका कामगाराच्या हातात बांबू दिला, ढोसायला. मी तो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दुसरा बांबू होता. मांडवात बांबूंना काय तोटा.

शार्क खात नव्हता. मी पाण्याचा खारेपणा मोजायचे, बाटलीतले थेंब टाकून अमोनिया तपासायचे, वहीत लिहून ठेवायचे. सगळं ठीक दिसायचं आणि तो माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, तुकड्याला तोंड लावायचा नाही. झाडलोट करायला एक मावशी होत्या, पेठ तालुक्यातल्या. भाताची शेती, म्हणून उन्हाळ्यात कामाला शहरात यायच्या. पाचव्या दिवशी सकाळी त्या केरसुणी टेकवून टाकीपुढे उभ्या राहिल्या.

"ताई, ह्यो त्या पंपाच्या कोपऱ्यात जातच नाय. आल्यापासून बघते मी."

मी जाऊन त्या कोपऱ्यात बोटं बुडवली. झिणझिण्या आल्या. पंपातून पाण्यात करंट उतरत होता. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात, त्यांनी त्याला पाण्यातली किंचितशी वीजही जाणवते, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. परीक्षेत विचारतही होते. आणि चार दिवस मी थेंबांचे रंग बघत बसले होते. त्या सकाळी मला माझाच सगळ्यात जास्त राग आला.

मांडवाचा वायरमन म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय, मॅडम? माणूससुद्धा मरत नाही." मी मेन बटण बंद करून पंपाची पिन काढली आणि मुठीत धरून उभी राहिले. त्यानं नवा पंप बसवून अर्थिंग करून देईपर्यंत सोडली नाही. दुपारी शार्क हलला. सबंध टाकीची लांबी कापून गेला, परत आला, आणि माझ्या काठीवरचा तुकडा त्यानं फुस्सकन आत ओढला. मावशी पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

शेठही खूश झाले. तिथंच घोटाळा झाला. आता मासा खातोय म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळी तीन-तीन खेळ लावले. प्रखर दिवे, सिनेमाची गाणी, लाउडस्पीकरवर 'नरभक्षक' अशी घोषणा. तो जास्त खाऊ लागला तशी घाण वाढली, अमोनिया चढून थेंबांचा रंग गडद होत गेला. त्यात वीज गेली की जनरेटर सुरू करणारा माणूस चहाला गेलेला असायचा. मी म्हणायचे, निम्मं पाणी बदला. शेठ म्हणायचे, समुद्राचा टँकर सोमवारी. एका सरकारी कचेरीत जाऊन अर्ज दिला. तिथल्या माणसानं तो दोनदा वाचला आणि परत केला. "मॅडम, नाशकाला समुद्र नाही. शार्क आमच्या विषयात येत नाही."

शेवटी शेठ एका गोष्टीला तयार झाले. सोमवारी पाणी घेऊन येणारा टँकर परत जाताना शार्कला समुद्रात सोडायला नेईल. माझी एक वर्गमैत्रीण किनाऱ्यावर राहायची, तिनं होडीवाल्याशी बोलून ठेवलं. "रविवारची गर्दी होऊ द्या," शेठ म्हणाले, "मग मासा तुमचा."

सोमवारी सातला पोचले तर टाकी रिकामी. दोघं जण काच सोडवत होते.

"पहाटंच नेला," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या गावाला लावणार हाय म्हणं. मी इचारलं, ताईंना सांगितलं का? तर म्हणं तू केर काढ."

मी मैत्रिणीला फोन करून होडीवाल्याला नको म्हणून कळवायला सांगितलं.

जूनमध्ये, कॉलेजात प्रवेशाची गडबड चालू असताना, शेठचा घरी फोन आला. जणू काही झालंच नाही अशा आवाजात. "मॅडम, ते थेंब टाकल्यावर फारच गडद रंग येतोय. काय करायचं?"

फोन आपटावा असं वाटलं. पण पाण्यात शेठ नव्हते. मी सांगत गेले. निम्मं पाणी आजच बदला, दोन दिवस खायला देऊ नका, हवेचा दुसरा पंप लावा, अर्थिंग बघा. ते लिहून घेत होते, मधेच "सावकाश, मॅडम" म्हणत होते. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "आपल्याकडून नेल्यावर खायला कधी लागला?"

"कोण? नाही नाही, हा नवीन आहे. तो पोचलाच नाही, मॅडम. टँकर वाटेत बंद पडला." मग जरा उत्साहानं, "पण हा त्याच्यापेक्षा मोठा आहे. या ना बघायला."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप पुन्हा आला. मी गेले नाही. घरातल्यांनी बरं केलंस म्हटलं. मला मात्र अजून ते धड पटलेलं नाही. मी गेले नाही म्हणून तिकडची टाकी काही रिकामी राहिली नसणार, आणि पंपाजवळच्या पाण्यात बोट बुडवून बघायला तिथं कुणी असेल असंही वाटत नाही.