अनंताने गाडी शाकारली

आमच्या वेसाव्याच्या गल्लीत माझ्या नजरेतून मांजर सुटत नाही, तर शेजारचा अनंता कसा सुटेल? दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन. थोरल्या बहिणीला, विमलाताईला, तो आपली एक किडनी देणार होता. घरात त्याची बायको मथुरा देवापुढे डोळे पुसतेय आणि हा बाहेर उकिडवा बसून मोटरसायकलला तेल चोळतोय!

"काय रे, लगीन काढलंस का तिचं?" मी ओट्यावरून विचारलं.

"वहिनी, दीड महिना हात लागनार नाय हिला. खारा वारा हाय, खाऊन टाकील."

टाकी काठोकाठ भरलेली. रिकामी आतून गंजते म्हणे. बॅटरीची वायर सोडवली. चेनला ग्रीस. सायलेन्सरच्या तोंडात बोळा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला. पावसाळ्यात होडी शाकारतात ना, अगदी तश्शी तयारी. तेवढ्यात माझ्या नाकात वास घुसला.

"मेल्या, तेल कसलं हे?"

"मुशी माशाचं. बावा होडीला ह्येच लावायचा." बावा म्हणजे त्याचा बाप.

"अरे, ती लाकडाची! ही लोखंडाची!"

"वारा दोघींना येकच ना?"

मी दुसरीकडून चिमटा काढला. "निदान तोंड तरी भिंतीकडे कर. रस्त्याकडे काय काढून ठेवलंयस?"

त्याचा हात थांबला. "होडी वर ओढली तरी नाळ, म्हंजे तिचं तोंड, दर्याकडं ठेवायची, वहिनी. पाठ करून ठेवलेली परत जात नाय, बावा सांगायचा."

जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. हे माझ्या नवऱ्याला सांगितलं, तर त्याचा विश्वास बसेना.

गाडीवर ताडपत्री टाकून, सुंभाने आवळून अनंता इस्पितळात गेला आणि वेसाव्यातली यच्चयावत मांजरं ताडपत्रीभोवती येऊन बसली. मुशीच्या तेलाचं आमंत्रण! समोरचे भाऊराव नाकाला रुमाल लावून पाण्याची नळी घेऊन आले. "धुतो, आणि भिंतीकडे वळवून ठेवतो."

मी पदर खोचला. "भाऊराव, हात लावून बघा. मिशीला काय फासता ते अख्ख्या बाजाराला सांगेन."

नळी गुंडाळली गेली. गाडी इंचभर हलली नाही.

विमलाताईच्या मुलुंडच्या घरी विश्रांती घेऊन तो परतला, तेव्हा निम्मा झाला होता. मागोमाग रिक्षातून विमलाताई उतरली. तोंडाला मास्क, पण स्वतःच्या पायांनी, कुणाचा हात न धरता! दोन पावलं टाकली की धापा टाकणारी ती बाई. मी बघतच राहिले.

अनंताने सुंभ सोडला, ताडपत्री उचलली. खाऱ्या वाऱ्याने माझ्या खिडकीचे गज तेवढ्या दिवसांत सोलून निघाले होते. गाडीवर गंजाचा ठिपका नव्हता. वास मात्र होता.

त्याने वायर जोडली, बोळा काढला, चाकाखालचा ठोकळा ओढला. पण किक मारायला डॉक्टरांची बंदी. मथुराने साडी वर खोचली. पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. अनंताचा चेहरा उतरला. विमलाताईने पुढच्या चाकाला हात लावून नमस्कार केला.

"आनखी येक मार गो," तो म्हणाला.

तिसऱ्या किकला गाडी धडधडली. मांजरं चौखूर पळाली.

"हळू चालव गो."

"गप मागं बस!"

आयुष्यात पहिल्यांदा अनंता स्वतःच्या गाडीवर मागे बसला. गल्लीतून बाहेर पडताना मथुराला गाडी वळवावी लागली नाही.