वर बघण्यासारखं

वैशाखातल्या भर दुपारी लाईट जाते तेव्हा पंखा लगेच थांबत नाही. आधी वारा पातळ होतो, मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं फडफडणारं पान निमूट होतं, आणि बऱ्याच वेळाने छताखालच्या त्या धूसर तपकिरी वर्तुळातून तीन पाती एकेक करून वेगळी होतात. अंगणातल्या कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा गोडसर उग्र वास तेवढ्यात खोलीत येऊन बसतो, बाहेरचा पांढराफटक उजेड उंबऱ्यापर्यंत सरकतो, आणि कपाळावरचा घाम पुन्हा आपल्या जागा शोधू लागतो. पंख्याचं हे मंदावणं मी कितीदा पाहिलं असेल. पण पाती पूर्ण थांबेपर्यंत वर बघत राहण्याचं धैर्य अजून मला रोज होतंच असं नाही.

माझी बायको कुसुम हिचं दुखणं पौषात कळलं. बीडच्या डॉक्टरांनी तिला आत बसवून मला बाहेर बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की यकृत गेलेलं आहे, पावसाळ्यापलीकडचं काही मनात धरू नका. दवाखान्याच्या त्या बोळात फिनेलचा वास होता आणि कोणाचं तरी लहान मूल सारखं खोकत होतं. मी तोंड धुतलं, आत गेलो आणि तिला म्हणालो की सूज आहे, औषधाने उतरेल. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “बरं.”

पुढे दर खेपेला असंच घडत गेलं. रिपोर्ट चांगला आहे, म्हटलं की बरं. वजन स्थिर आहे, म्हटलं की बरं. उन्हाळा गेला की उठून बसशील, म्हटलं की बरं. मी तीस वर्षं तलवाड्याच्या शाळेत मराठी शिकवलं आणि मुलांच्या उत्तरातलं खोटं मला दुरूनच ओळखू येई. माझं स्वतःचं खोटं मात्र मला फार सुबक वाटत असे. तिच्या त्या एका शब्दाला मी विश्वास समजत होतो, आणि कधी कधी तर घरी येताना एसटीत बसल्या बसल्या पुढच्या खेपेचं वाक्य मनात घोळवून ठेवत होतो.

फाल्गुन सरत आला तसं तिचं चालणं कमी झालं. तिचा पलंग आम्ही मधल्या खोलीत आणला, अगदी जुन्या पंख्याखाली. तो पंखा आमच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला. एकेकाळी पांढरा होता, आता चहाच्या डागाच्या रंगाचा झालेला, फिरताना कडकड वाजणारा. एका सकाळी उशीवर मान टेकून ती बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, “आता दिवसभर मला वरच बघायचंय. तर बघण्यासारखं तरी काही असावं.”

मला आनंद झाला, हे सांगताना आज लाज वाटते. नवा पंखा मागणारं माणूस पुढचे उन्हाळे धरून चालतं, असं मी मनाशी म्हटलं. ज्या बाईने लग्नानंतर या घरात स्वतःसाठी एक वस्तूही पसंत केली नव्हती, माझ्या आवडीच्या साड्या आणि माझ्या आवडीच्या कपबशा जिने आयुष्यभर वापरल्या, तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. दोन दिवसांनी गाडी करून मी तिला माजलगावला नेलं. वाटेत उसाची मोकळी झालेली शेतं होती, पाचट जाळल्याने काळी पडलेली, आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुलुपं नुकतीच उघडली जात होती. कारखान्याच्या बाजूने मळीचा आंबूस वास आला तेव्हा तिने नाकाला पदर लावला, पण काच वर करू दिली नाही.

दुकानाच्या दारातच पायरीवर एक पेंटर मांडी घालून बसला होता. आमच्याकडे देवीच्या यात्रेच्या आधी हे दृश्य नेहमीचं. गेलेल्या माणसाच्या नावाने देवळात नाहीतर शाळेत पंखा द्यायचा आणि पात्यांवर नाव काढायचं. पंखा फिरत असला की नाव दिसत नाही, थांबला की दिसतं. देवदर्शनाला आलेलं माणूस लाईट गेल्यावर वर बघतं आणि कोणाच्या तरी मेलेल्या आईचं नाव वाचतं. पेंटरने वाळत घातलेल्या पात्यांवर पांढऱ्या अक्षरांत कुठल्याशा बाईंचं नाव होतं. कुसुमने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून हसली. “जिवंतपणी हिला कुणी वारा घातला नसंल,” ती म्हणाली, “आता देवाला घालायलीय.”

दुकान म्हणजे एक उलटं शेत होतं. छतभर पंखे लागलेले. सोनेरी नक्षीचे, मधोमध दिवा असलेले, पानांच्या आकाराच्या पात्यांचे, नवरीसारखे झुंबर ल्यालेले. मालक ओळखीचा, त्याचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी. त्याने कुसुमला खुर्ची दिली आणि एकेक पंखा चालू करून दाखवला. तिने मान मागे टाकली आणि सावकाश, एकेकाला न्याय देत, पाहू लागली. मला नक्षीचा आवडला होता. तिने हात हलवून तो बाजूला केला. दिव्याचा नको म्हणाली, डोळ्यांवर येतो. शेवटी कोपऱ्यातल्या एकावर तिची नजर थांबली. अक्रोडी रंगाची तीन रुंद पाती, अंगावर एकही रेघ नाही, फूल नाही, आवाज म्हणाल तर श्वासाइतकाही नाही, आणि चालू-बंद करायला हातात मावणारा छोटा रिमोट. ती त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मालकही बोलायचं थांबला. तिच्या निवडीत इतकी साधी, इतकी जाणती दृष्टी होती की एवढी वर्षं मी तिला काही निवडू का दिलं नाही, या विचाराने मला तिथेच कसंतरी झालं.

पाच वर्षांची वॉरंटी आहे, असं मी तिला मुद्दाम मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, “बरं.”

त्या रंगाचा पंखा शिल्लक नव्हता, मागवावा लागणार होता. पंधराएक दिवसांनी औषधं आणायला मी एकटाच माजलगावला गेलो आणि आला का म्हणून विचारायला दुकानात डोकावलो. मालकाने नुसतं विचारलं, “काकू कशा हायत, गुरुजी?” एवढंच. आणि मी त्या पंख्यांच्या सावल्यांखाली, गिऱ्हाइकांसमोर, हमसून रडलो. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस उरले, घरी काय काय खोटं बोलतो, सगळं सांगून टाकलं. भावाला सांगितलं नव्हतं, ते एका पंखेवाल्याला सांगितलं. त्याने पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला, आणि मी हलका होऊन घरी आलो. खरं मी त्या काळात एकाच ठिकाणी बोललो.

वैशाख लागला. पंखा आला त्या दिवशी मी बीडला गेलो होतो. कुसुमपाशी शेजारची गया होती, नुकतीच तोडीवरून परतलेली, अक्षरओळख नसलेली. संध्याकाळी येऊन पाहतो तर खोलीत जणू दुसरंच हवामान होतं. पंखा निःशब्द फिरत होता आणि कुसुम त्याखाली डोळे मिटून पडली होती. आवडला का, मी विचारलं. लई चांगला हाय, ती म्हणाली.

त्यानंतर तिने तो पंखा बंद होऊ दिला नाही. रिमोट उशीखाली ठेवला. पहाटेच्या गारव्यात ती गोधडीत कुडकुडायची, पण पंखा कमी करू का विचारलं तर मान हलवायची. लाईट गेली रे गेली की म्हणायची, आत उकडतंय, मला ओसरीवर न्या. आणि मी गयाला हाक मारून, दोघं मिळून, तिला लिंबाच्या सावलीतल्या ओसरीवर आणायचो. किती जीव जडलाय बघा पंख्यावर, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे. माणूस किती आंधळा असू शकतो याला काही मर्यादा नसावी.

मग ती दुपार आली. औषधाने तिचा डोळा लागला होता, मी उशाशी बसून वर्तमानपत्राने माश्या वारत होतो. लाईट गेली. तिला उठवावंसं वाटेना. पंख्याचा वेग सरत गेला, वर्तुळ फाटलं, पाती दिसू लागली, आणि त्या निर्लेप अक्रोडी रंगावर मला पांढरी अक्षरं दिसली. एका पात्यावर ‘कै. सौ. कुसुम’, दुसऱ्यावर ‘यांच्या’, तिसऱ्यावर ‘स्मरणार्थ’. अक्षर वळणदार होतं. मी ते शाळामास्तरासारखं दोनदा वाचलं. खाली पाहिलं तर तिचे डोळे उघडे होते.

“तुमाला दिसू नये म्हणून चालू ठेवत होते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात मीच तसं सांगून ठेवलं असणार, असं तिने धरलंच होतं. नंतर पुन्हा खेप नको, म्हणून आधीच नाव काढून घेतलं असेल, माणूस असा विचार करतंच, असं ती मला समजावू लागली. माझीच समजूत घालत होती ती. मग म्हणाली, “सौ. लिहायला सांगितलंत, ते चांगलं केलंत.”

मी तिचा हात धरला. मी हे रंगवायला सांगितलं नाही, कुसुम, शपथ आहे, मी नाही सांगितलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. ती माझ्याकडे पाहत होती, मुलाच्या उत्तराकडे मी पाहायचो तशी. आणि म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशी मी माजलगाव गाठलं. मालकाने डोक्याला हात लावला. पंखा यायला महिना उलटला, माझा निरोप नाही, तेव्हा काकू गेल्या असं त्याने धरलं होतं. त्यांनी स्वतः पसंत केलेला पंखा आता देवीच्या देवळात लागणार हे त्याच्या लेखी उघडच होतं. म्हणून आपल्यातर्फे, श्रद्धेने, त्याने नाव काढून घेतलं आणि कुठे लावायचा ते घरी विचार म्हणून पंखा बसवणाऱ्याला पाठवलं. त्या माणसालाही त्याने बोलावलं. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, “पलंगावरच्या मावशीला इचारलं, कुणाच्या नावाचा हाय? त्या म्हणाल्या, माझ्या जावेच्या. म्हणलं, देवळात लावायचा न्हाई का? तर म्हणाल्या, आधी इथं लाव, मग नेतील.”

भांडायला गेलो होतो, पण कोणाशी भांडणार? माझं एकुलतं एक खरं बोलणं त्या माणसाने जपून ठेवलं होतं आणि चांगल्या रंगात माझ्या घरी पोचवलं होतं.

घरी येऊन मी कुसुमला सगळं सांगितलं. दुकानात रडलो ते, डॉक्टरांचं पहिल्या दिवसाचं बोलणं, पौषापासूनचं एकेक खोटं. आयुष्यात इतकं सलग खरं मी कधी बोललो नव्हतो. मालकाला घेऊन येऊ का, तो स्वतः सांगेल, असंही म्हणालो. “कशाला त्याला त्रास,” ती म्हणाली. तिने सगळं ऐकून घेतलं. बाहेर गया लाकडं फोडत होती. मी विचारलं, पटलं का तुला? तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “बरं.”

तो शब्द मी आजही उलटून पालटून पाहतो. सूज उतरेल याला मिळालेलं बरं आणि याला मिळालेलं बरं, दोन्हींत मला केसाएवढाही फरक सापडत नाही. जिला माझं खोटं पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि तरी जिने ते गोड मानून घेतलं, तिने माझं हे शेवटचं सांगणंही त्याच मायेने, त्याच ताटात वाढून घेतलं असेल तर? एवढ्या खोट्यानंतर माझ्या एका खऱ्याला तिने कशाच्या जोरावर वेगळं ओळखावं? ज्येष्ठात, पाऊस पडायच्या आधी, ती गेली. पंखा चालू होता.

देवळाच्या पंचांनी दोनदा निरोप धाडला. गुरुजी, नाव तर आहेच काढलेलं, नुसता आणून द्या. त्यांचं बरोबर आहे. या वर्षीच्या यात्रेला देतो म्हणालो होतो, तीही होऊन गेली. लाईट गेल्यावर देवळात कोणीतरी वर बघेल, ते नाव वाचेल, आणि कोण बाई असेल असं क्षणभर मनात आणून पुढे जाईल, हे मला अजून सोसवत नाही. घरात ठेवणंही सोसवत नाही.

आजही दुपारी लाईट गेली. मी तिच्या पलंगावर पडलो होतो. पाती थांबेपर्यंत आज वर पाहत राहिलो. तिने निवडलेला रंग अजून तसाच आहे, एक डाग नाही. मग लाईट आली, पंखा आपोआप सुरू झाला आणि अक्षरं हळूहळू पुसत गेली. मी नव्हतं सांगितलं, कुसुम, असं मी मोठ्याने म्हणालो, आणि सवयीने थोडा वेळ थांबलो.