आधी नाही, मग चहा

गयाकाकू एखाद्या घरी गेल्या आणि समोर आलेल्या चहाला त्यांनी हातच लावला नाही, की त्या घरानं समजायचं, नकार आलाय! शहागंजच्या मागं आमच्या गल्लीत आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. लग्नाची स्थळं जुळवायचं काम त्या हौसेनं करायच्या. होकाराचा निरोप काय, कुणीही फोनवर सांगतं. नकार मात्र त्या स्वतः जाऊन सांगायच्या. आधी नाही सांगायचं, मगच चहा प्यायचा. "चहा पिऊन नाही म्हणलं तर ती त्या चहाशी बेइमानी झाली गं," म्हणायच्या.

त्यांचे वडील निजामाच्या काळात एका वकिलाकडं मुन्शी होते. पोलीस ॲक्शननंतर कोर्टातली उर्दू गेली, पण घरात वडिलांची नाही गेली, त्यामुळं काकूंकडं नकाराचे इतके शब्द की विचारू नका! मी एकदा म्हणलं, काकू, नाही ते नाहीच ना, त्यात काय एवढं? तर हातातली मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "असं कसं? नको म्हणलं की त्यात लाड असतो. नाही म्हणलं की दार लागलं. इनकार करायचा तर छाती पुढं काढून, सगळ्यांसमोर. आन् 'बघू, कळवतो' म्हणतात ना, त्यो नकारच नाय. ती नुसती भीती."

"आणि सगळ्यात वाईट?"

"मुकरणं," एवढंच म्हणाल्या आणि परत मेथी निवडायला लागल्या.

त्याचा अर्थ मला ताईच्या वेळी कळला. वैजापूरचं स्थळ काकूंनीच आणलेलं. मंडळी आली, मुलगा-मुलगी बोलले, मुलाच्या वडिलांनी ताईच्या हातावर साखर ठेवली, आम्ही गल्लीभर पेढे वाटले. आणि मग एकदम शांतता. बाबांनी शेवटी फोन केला तर तिकडून उत्तर, "आम्ही कुठं हो म्हणलो होतो? नुसतं बघून गेलो."

आता लग्न मोडतं, ते एक वेळ समजू शकतं. पण यांनी होच म्हणलं नव्हतं, तर मग आम्ही पेढे कशाचे वाटले? गल्लीत कुजबुज सुरू झाली की मुलीकडच्यांनीच उठवलं होतं सगळं. बाबा मान खाली घालून ये-जा करायला लागले. ताई तर मलाच विचारायची, "खरंच ठेवली होती ना गं साखर? तू बघितलं ना?"

काकूंनी हे ऐकलं आणि पदर खोचला. "चला."

ताई, काकू आणि मी एसटीनं वैजापूरला गेलो. मुलाच्या आईनं गडबडीनं चहा आणला. काकूंनी कप बाजूला सरकवला.

"घ्या ना मावशी, गार होईल."

"होऊ दे. दादा, पोरीच्या हातावर साखर कुणी ठेवली?"

वडील खिडकीबाहेर बघायला लागले. "अहो, ते आपलं रीत म्हणून..."

"नाही म्हणा," काकू म्हणाल्या, अगदी हळू आवाजात. "त्यो तुमचा हक्क हाय, मी कोण अडवणार? पण हो म्हणलोच नव्हतो, असं नका म्हणू. नकारानं पोरगी घरी परत जाती. तुमच्या मुकरण्यानं ती खोटी पडती."

आतल्या दारात उभा असलेला मुलगाच म्हणाला, "हो म्हणलो होतो. मीच म्हणलो होतो. आता माझं मन नाही."

ताईनं सरळ त्याच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली.

वडिलांनी तिथूनच बाबांना फोन लावला आणि तेच शब्द सांगितले. तेव्हा कुठं काकूंनी कप उचलला. साय धरलेला गारढोण चहा, पण पूर्ण प्यायल्या. परतताना बसमध्ये ताई रडली खूप. मग नाक पुसून म्हणाली, "काकू, वाईट वाटतंय. पण लाज नाय वाटत आता."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि पिशवीतले फुटाणे आम्हाला दिले.

यंदा काकू आजारी पडल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. करमाडहून त्यांचा मुलगा येऊन राहिला. येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "व्हाल हो बऱ्या, काय झालंय तुम्हाला!" मुलगा सारखा चहा करून आणायचा आणि तो तसाच उशाशी गार व्हायचा. "तोंडाला चवच नाही तिच्या," तो मला म्हणाला.

ताई तेव्हा तिथंच होती. तिनं त्या कपाकडं बघितलं, मग काकूंकडं. स्टूल ओढून अगदी जवळ बसली.

काकूंनी तिचा हात धरला. "तू सांग. उठंन का गं मी यातून?"

मुलगा काहीतरी बोलायला गेला, पण ताईनं मान हलवून त्याला थांबवलं.

"नाही काकू," ती म्हणाली. खाली नाही बघितलं तिनं.

काकू उशीवर टेकल्या.

"हां. आता टाक चहा. अन् साखर घाल नीट."