थोरलीचं नाव

इस्त्रीवाल्या बाईंची सोळा वर्षांची लेक दुकानातून अत्तराच्या बाटल्या उचलताना पकडली गेली. टोळीतल्या पोरींचा नियम होता, सापडेल तिने थोरलीचं, म्हणजे म्होरकीचं नाव घ्यायचं नाही. लेक चौकीत गप्प बसून होती. बाई इस्त्री टाकून चौकीत आल्या. आईसाठी कधी पाण्याची बादली न उचललेली पोर त्या भवानीसाठी कोठडीत जायला तयार होती.

"नाव मी सांगते," बाई पोलिसांना म्हणाल्या.

"आई, तुला माझी शपथ."

"तिची घाल की. तीच सख्खी ना तुझी?"

बाईंनी नावासकट पत्ताही सांगितला. संध्याकाळी लेक सुटली आणि घरी न येता थोरलीच्या आईची माफी मागायला गेली.