तळमजल्याचा वाटा

माझ्या बायकोच्या मामांइतका न्यायी माणूस मी अख्ख्या दिल्लीत पाहिला नाही, आणि एका माणसाच्या न्यायाने इतके लोक वैतागलेलेही दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीत हयात घालवून मामा आता द्वारकेत आमच्याच सोसायटीत राहतात. काही वाटायचं निघालं की त्यांच्या अंगात येतं. पुरणपोळीची कोरडी कड एकाच्याच ताटात जाऊ नये म्हणून ते पोळी अशा काही कोनांतून कापतात की सगळ्यांना सारखं पुरण मिळतं आणि सगळ्यांना सारखीच गार पोळी मिळते. "गरम हवी असेल तर ह्यांच्या आधी जेवून घ्या," असं मामी पाहुण्यांना दारातच सांगतात. माझी बायको लहानपणी त्यांच्याबरोबर नागपूरला निघाली होती, तेव्हा गाडीतली खिडकी तिला आणि तिच्या मामेभावाला अर्ध्या अर्ध्या वाटेपुरती वाटून दिली होती. अर्धी वाट सरली तेव्हा दोन्ही पोरं गाढ झोपलेली. मामांनी दोघांना तशीच उचलून जागा बदलल्या. एकदा गणपतीत आम्ही पहाडगंजला टॅक्सीने गेलो, मी अर्ध्या वाटेत गाडीत चढलो होतो; तर माझ्या वाट्याचं भाडं किती, यावर मामा पोचल्यानंतरही गाडीतच बसून विचार करत राहिले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहब, थोड़ा कम दे दो, पर हिसाब बाहर जाकर कर लो."

अशा माणसाच्या हाती आमच्या सोसायटीने सांडपाण्याची पाइपलाइन दिली. जुनी लाइन अरुंद होती. पावसाळ्यात ती तुंबली की चारही मजल्यांचं घाण पाणी उलटं फिरून तळमजल्याच्या न्हाणीघरात वर यायचं, आणि सगळ्यात आधी यायचं ते आमच्या ब्लॉकच्या चोप्रा आंटींकडे. आंटी एकट्या राहायच्या. पाऊस सुरू झाला की त्या गाद्या उचलून पलंगावर रचायच्या, न्हाणीघराच्या जाळीवर वीट ठेवायच्या आणि दारात खुर्ची टाकून बसायच्या. सरकारी खात्याने फाटकापर्यंत नवी मोठी लाइन आणून दिली. आतली आम्ही घरमालकांनी टाकायची होती. मग खर्च कसा वाटायचा यावर भांडण जुंपलं. सगळ्यांनी सारखा द्यावा, असं सेक्रेटरींचं म्हणणं. वरच्या मजल्यांना ते मान्य नव्हतं. "हमारे यहाँ तो पानी कभी आया ही नहीं," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. अखेर कोणीतरी मामांचं नाव सुचवलं.

मामांच्या आयुष्यात इतका आनंदाचा काळ मी दुसरा पाहिला नाही. ते जेवताना विचार करायचे, फिरायला गेले की मध्येच थांबायचे. एके दिवशी मला बागेत गाठून म्हणाले, "सापडलं. ज्याला फायदा जास्त, त्याचा वाटा जास्त. यापेक्षा न्याय्य काय असणार?" मलाही ते बिनतोड वाटलं. सभेत त्यांनी ते समजावून सांगितलं, सगळ्यात मोठा वाटा तळमजल्यावर टाकला, तेव्हा टाळ्या पडल्या. वरचे मजले तीन आणि तळमजला एक, त्यामुळे टाळ्या भरपूरच होत्या. मामांच्या वाटणीला पडलेल्या टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते चक्क लाजले.

तेवढ्यात चोप्रा आंटी उठल्या. आवाज चढवला नाही. "भाई साहब," त्या मामांना म्हणाल्या, "इतने साल सबका पानी मेरे घर में आया. अब नहीं आएगा, तो यह मेरा फ़ायदा हो गया?"

सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले, ठराव पास झाला, समोसे आले.

मामांनी समोसा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्याकडे आले. "अरे, मी उलटा विचार केला," ते म्हणाले. "तिला फायदा नाही होत, तिचं नुकसान थांबतंय. घाण सोडणाऱ्यांनी खर्च द्यायला हवा. म्हणजे आपण, वरच्या मजल्यांनी." आम्ही दोघं सेक्रेटरींकडे गेलो. "अंकल, अब तो पास हो गया," ते म्हणाले. मग मामा घरोघर फिरले. काल टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्यांना चहा दिला, तब्येत विचारली आणि विषय बदलला. शेवटी ते आंटींकडे गेले आणि त्यांच्यावर पडलेला जास्तीचा भार आपण उचलतो म्हणाले. "आप क्यों? आप अकेले का पानी थोड़े ही था," असं म्हणून आंटींनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

आंटींनी आपला वाटा कुरकुर न करता भरला. खोदकाम सुरू झालं आणि त्याच सुमारास त्यांनी घर विकायला काढलं. लेक गुरुग्रामला राहते, तिकडे जाते म्हणाल्या. लाइन पुरी व्हायच्या आत त्या गेल्यासुद्धा. त्या वर्षी पाऊस दणकून झाला. त्यांच्या घरात आलेल्या नव्या जोडप्याने न्हाणीघराच्या दारात पांढरंशुभ्र पायपुसणं घातलं होतं, ते शेवटपर्यंत पांढरंच राहिलं.

पावसाळा संपल्यावर मामा म्हणाले, "मला गुरुग्रामला घेऊन चल." आंटी एका उंच टॉवरमध्ये खूप वर राहत होत्या. मामांनी वाटेत माफीचं हिंदी मनात जुळवलं होतं. ओठ हलताना मी पाहिले होते. पण सोफ्यावर बसल्यावर त्यांना एवढंच म्हणता आलं, "मैंने ग़लत बाँटा."

"आपने तो सोचकर बाँटा," आंटी म्हणाल्या. "बस, एक बार आकर मुझसे पूछ लेते." मग त्यांनी विचारलं, "अब तो नीचे पानी नहीं आता होगा?"

"बिल्कुल नहीं," मामा म्हणाले.

"अच्छा हुआ," आंटी म्हणाल्या. ते त्या मनापासून म्हणत होत्या, आणि त्यामुळेच आम्हाला ते ऐकवेना. त्यांनी आग्रहाने मठरी वाढली, मामींची चौकशी केली, लिफ्टपर्यंत सोडायला आल्या.

खाली आम्ही कॅबची वाट बघत उभे होतो. मामा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "त्या घरात एक तरी कोरडा पावसाळा त्यांना मिळायला हवा होता रे."

मी हो म्हणालो. कॅब आली. मामांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं, आणि भाड्याचं काही न विचारता माझ्या शेजारी येऊन बसले.