मोठी कुठं निघाली?

माझ्या वडिलांच्या भावंडांत ती सगळ्यांत धाकटी, पण निमोण्यात, आमच्या गावी, तिला लहानथोर सगळे 'मोठी' म्हणत. जन्मली तीच अंगाने भरलेली, आणि पुढे कधी उतरली नाही. आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, तिला पाळण्यातल्या नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. त्यामुळे जी खरोखर थोरली आत्या होती तिला 'पहिली आत्या' म्हणावं लागे, आणि घरात आलेल्या नव्या सुनांचा पार गोंधळ उडे. मोठीला त्याचं काही वाटत नसे. "मी नंतर आले आन् जागा जास्त घेतली," म्हणायची, आणि पोट धरून हसायची.

तिला दिली होती दौंड तालुक्यात, कासुर्डीला. मी दौंडच्या कॉलेजात शिकत होते ती सगळी वर्षं तिच्याकडे राहिले. सकाळी यवतहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. आम्ही आत्याच्या यजमानांना मामा म्हणतो. तर हे मामा उंच, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांच्या उसाला लागूनच गुऱ्हाळ होतं. उकळत्या रसाची काहिल उतरली की तिथला कारागीर, दूर उत्तर प्रदेशातून आलेला, "चाची, काकवी" म्हणून तांब्या भरून आणून द्यायचा. आत्या ती भाकरीशी, दशमीशी, कधी नुसतीच बोटाने चाटून संपवायची.

तिचे उपास मात्र कडक होते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, चतुर्थी, एकादशी आणि श्रावणात तर मोजायचंच नाही. उपासाच्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांत जास्त स्वयंपाक होई. साबुदाण्याची खिचडी, वर तूप. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. चार वाजता रताळ्याच्या चकत्या गुळात परतलेल्या. "एवढे उपास करते, तरी वजन कुठनं येतं, कळंना," ती अगदी मनापासून म्हणायची. मामा ताटावरून मान वर न करता हसायचे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मामांच्या पायांवर सूज आली. आधी वाटलं, उसात उभं राहून आली असेल. पुण्यात तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. घरात मामांसाठी पाण्याचा वेगळा ग्लास आला; तेवढंच पाणी दिवसभर पुरवायचं. एवढा मोठा उसाचा पट्टा, शेजारून वाहणारा कॅनॉल, आणि घरचा माणूस घोटभर पाण्यासाठी घड्याळाकडे बघत बसलेला. आत्याने डॉक्टरांना सरळ विचारलं, माझी काढून त्यांना बसवता येईल का? रक्तगट जुळत होता. डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की एवढ्या वजनावर ते तिला टेबलावर घेणार नाहीत. आधी वजन उतरवा, मग बाकीच्या तपासण्या करू.

तिथून आमच्या घरातला खरा गोंधळ सुरू झाला. वजन उतरवायचं कसं, हे सगळ्यांनाच माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. एक म्हणे दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही तोंडात घालू नका. दुसरी म्हणे दर दोन तासांनी थोडं थोडं खा. भात सोडा, गहू सोडा, दूध सोडा. सकाळी लिंबू-मध, नाही तर मेथीचं पाणी, नाही तर जिऱ्याचं. दौंडहून एक बाई डब्यातली पावडर घेऊन आल्या आणि स्वतःचा जुना फोटो दाखवून गेल्या. मी मोबाईलवर शोधून द्यायचे, तर एकच डॉक्टर आज एक सांगत आणि त्यांचाच दुसरा व्हिडिओ उलटं सांगे. आत्या कुणालाच नाही म्हणेना. तिने एकाच आठवड्यात सगळं केलं. शेवटी नुसत्या गरम पाण्यावर राहून दळण आणायला गेली, ती गिरणीच्या दारात डोळ्यांसमोर अंधारी येऊन खाली बसली.

तिला घरी आणलं ते शेजारच्या शबानाभाभीने. भाभी घरी शिवणकाम करायची. तिने आत्याला साखरमिठाचं पाणी पाजलं आणि समोर बसून विचारलं, की तू उपास सोडताना काय काय खातेस ते सांग. आत्याने सांगितलं. भाभी म्हणाली, "आमच्यात रोज्याला पाणीसुद्धा नसतं. तरी रमजान झाला की माझे ब्लाऊज मलाच तंग व्हतात. दिवसभर काय सोडलं ते सांगू नकु, संध्याकाळच्या ताटात काय आलं ते सांग." मग आत्या हसायला लागली, आणि हसता हसता रडली. त्या आजारपणात मी तिला तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पुढच्या खेपेला आम्ही हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या बाईंना भेटलो. त्यांनी काहीच नवलाचं सांगितलं नाही. भाकरी खा, पण एक. सोबत भाजी, उसळ, अंडं. चहात गूळ-साखर नको. साबुदाणा बंद. अंधार पडायच्या आत जेवा आणि मग सकाळपर्यंत काही नको. रोज चाला. आत्याला हे फार साधं वाटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हिनं काय तरी राखून ठेवलं का गं?"

साबुदाणा सोडला, तर देव रागावेल का, हा तिचा पुढचा प्रश्न. उपास तर मोडायचा नाही, मग खायचं काय? शेवटी ताक आणि एखादं फळ यावर तडजोड झाली. पहिल्या सोमवारी ती दिवसभर देवापुढे जाऊन येत होती, कुणाची तरी परवानगी यायची राहिल्यासारखी.

चालण्याचं तर त्याहून अवघड होतं. कासुर्डीत बाई रस्त्याने चालली तर कुठेतरी चाललेली असते. कॅनॉलच्या कडेने ती निघाली की भेटेल तो विचारी, "कुठं निघाली?" कुठंच नाही, असं सांगायची तिला लाज वाटे. म्हणून ती हातात दुधाची रिकामी किटली घ्यायची. मामांचे जुने बूट, वर नऊवारीचा ओचा खोचलेला आणि हातात किटली, अशी ती कॅनॉलच्या कडेने झपझप जायची. जाताना दिराचं शेत लागे. हे दीर म्हणजे तात्या, मामांचे धाकटे भाऊ. बांधावरून दोघा भावांचं बोलणं बंद होऊन खूप वर्षं झाली होती. तात्या पाण्याच्या मोटारीपाशी उभे असले तरी मान वळवत. आत्याही खाली बघून पुढे जाई.

वजनाचं गणित आम्हाला कधीच सुटलं नाही. जिभेवर ताबा ठेवला त्या आठवड्यात काटा हलायचा नाही, आणि माहेरच्या लग्नात जेवून आली त्या आठवड्यात खाली यायचा. ती मेडिकलमधल्या काट्याला शिव्या द्यायची. तरी हळूहळू बांगड्या सैल झाल्या, जोडवी निसटू लागली. गावातल्या बाया आता काळजीने विचारू लागल्या की नवऱ्याचं समजलं, पण तुला काय झालंय? वजन उतरतंय म्हणून ती खूश व्हायची, आणि सगळे तिच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे.

डॉक्टरांनी वजन चालेल असं सांगितलं, तेव्हा पुढच्या तपासण्यांच्या आधी ती आबांना भेटायला निमोण्याला गेली. मी सोबत होते. आबांना दिसायचं बंद झालं होतं. हात चाचपून माणूस ओळखायचे. त्यांनी तिचं मनगट धरलं, दंडापर्यंत हात नेला आणि विचारलं, "ही कोण? मोठी का न्हाई आली?"

माझे वडील त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, ही मोठीच आहे. आबांनी हात सोडला. "माझी मोठी अशी नव्हती," ते म्हणाले. "तिला काय झालं ते खरं सांगा. मी ऐकाय तयार हाय."

आत्याने त्यांचा हात पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "मोठी बरी हाय, आबा. मालकांचं ऑपरेशन झालं का येईल."

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. गाव मागे पडल्यावर एवढंच म्हणाली, "त्यांचं खरं असंल. मला पण आरशात कोण हाय ते कळंना."

पुण्यातल्या तपासण्यांत दिसलं की तिची एक किडनी जन्मापासून लहान आहे आणि बहुतेक काम दुसरीच करते. ती काढता येत नाही, आणि लहान असलेली देऊन उपयोग नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तिने मान डोलावली. मामा म्हणाले, बरं झालं, तुला कापायला माझं मन नव्हतंच. त्यावर ती त्यांच्याकडे असं बघत राहिली, की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बूट जागेवर नव्हते. किटली मात्र खुंटीलाच होती. मी तिच्यामागे गेले. तात्यांच्या शेतापाशी ती उभी दिसली, आणि समोर तात्या.

"वहिनी, समजलं मला," तात्या म्हणत होते. "मग आता कशाला चालताय?"

"काय म्हाईत, भाऊजी," ती म्हणाली. "सकाळ झाली आन् पाय निघाले. बसून काय करावं, ते पण कळंना."

तात्या बराच वेळ चिखलात पाय घोळवत राहिले. मग त्यांनी विचारलं, दवाखान्याची गाडी किती वाजता असते. त्या दिवशी त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. पण मामांच्या पुढच्या डायलिसिसला ते धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. दोघे भाऊ गाडीत मागच्या सीटवर बसले, आणि पुणे येईपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. बांधावरून भांडलेला माणूस किडनी द्यायला कसा निघाला, हे मी तात्यांना नंतर विचारलं. त्यांनाही नीट सांगता येईना. रोज सकाळी वहिनी समोरून जायची, ती दिवसेंदिवस कमी होत गेलेली दिसायची, आणि आपण मोटार चालू करून उभे, एवढंच ते म्हणाले.

तात्यांच्या तपासण्या जुळल्या, आणि ऑपरेशन नीट पार पडलं. औषधांनी मामांना सपाटून भूक लागायला लागली, गाल फुगले, आणि आता आत्याच त्यांच्या ताटावर नजर ठेवायची. सकाळी ती दोघा भावांनाही कॅनॉलवर चालायला घेऊन जायची. ती निमोण्याला पुन्हा पुन्हा गेली, पण आबांनी शेवटपर्यंत तिला मोठीकडून निरोप घेऊन येणारी बाई मानलं. तीही त्यांच्याजवळ बसून मोठीची खुशाली सांगत राहिली.

मला रांजणगावात नोकरी लागली आणि मी शिरूरला राहायला गेले. त्यानंतर काही वर्षांनी आत्या गेली, ती झोपेत, हृदय बंद पडून. गावात बोललं गेलं, की बाईनं स्वतःला इतकं आटवलं त्याचा हा परिणाम. डॉक्टर म्हणाले, उलट वजन उतरवलं म्हणून एवढी वर्षं मिळाली. मी दोन्ही ऐकून घेतलं. यातलं कुठलं खरं, ते मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या दिवाळीत कासुर्डीला गेले होते. सकाळी मामा आणि तात्या कॅनॉलवरून येताना दिसले, बरोबरीने, खांद्याला खांदा लावून. वाट अरुंद, एकाचा पाय सारखा गवतात जात होता. मी मामांना म्हटलं, एकामागे एक चाला की.

मामा थांबले. म्हणाले, "ती पुढं असायची, आम्ही दोघं मागं. आता पुढं कुणी व्हायचं, ते दोघांना बी कळंना."